कमाल शक्तिबिंदूचा मागोवा : नायगावचे सौर कृषिपंप आणि श्रावणातील ऊन

सौरपट्टिकेवर ऊन पडले की वीज मिळते, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. किती वीज मिळू शकेल हे उन्हावरून ठरते. प्रत्यक्षात किती मिळाली हे मात्र पट्टिकेला जोडलेले यंत्र तिच्याकडून वीज कोणत्या रीतीने मागते ह्यावर अवलंबून असते. एकाच पट्टिकेतून, एकाच क्षणी, एकाच उन्हात एक यंत्र पूर्ण शक्ती काढून घेईल, तर दुसऱ्यास निम्मीही मिळणार नाही. शिवाय पूर्ण शक्ती मिळवून देणारी ही रीत एकदा ठरवून कायमची बांधून ठेवता येत नाही. उन्हाबरोबर व उष्णतेबरोबर ती बदलत राहते. ती सतत शोधीत राहण्याच्या क्रियेस तंत्रज्ञ 'मॅक्सिमम पॉवर पॉइंट ट्रॅकिंग' असे म्हणतात, आणि तिच्या आद्याक्षरांचे 'एमपीपीटी' हे रूप आता पंपांच्या नियंत्रकांवर छापलेले सर्रास आढळते. प्रस्तुत लेखात ह्या क्रियेचे स्वरूप सांगून, ढगाळ दिवसात ती कोठे चुकते आणि त्या चुकीची किंमत शेतीच्या पंपास इतर कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक का मोजावी लागते, ह्याचा विचार करावयाचा आहे.

हा विचार नांदेड जिल्ह्यातील नायगाव (खैरगाव) तालुका डोळ्यांसमोर ठेवून केला आहे, त्यास कारण आहे. सोयाबीन, कापूस, तूर आणि रब्बीत हरभरा ही ह्या भागातील मुख्य पिके, आणि त्यांपैकी खरिपाची सर्व भिस्त पावसावर. केंद्र शासनाच्या २०१९ मधील पीएम-कुसुम योजनेमुळे आणि राज्य शासनाच्या २०२४ मधील 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेमुळे मराठवाड्याच्या शिवारांत सौरपंप दिसू लागले. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्तीचा व त्याहून अधिक जमिनीस ७.५ अश्वशक्तीचा, अशी ही वाटणी आहे. आणि त्यांच्या जोडीस अनुक्रमे सुमारे ३,०००, ४,८०० व ६,७५० वॅट क्षमतेच्या पट्टिका असतात. ज्याच्या शेतात पारंपरिक वीजजोडणी नाही अशाच शेतकऱ्यास हा पंप मिळतो. म्हणजे ढग आले आणि पंपाने पाणी देण्याचे थांबविले, तर बटण दाबून महावितरणची वीज घेण्याची सोय त्याला नसते. रात्रीच्या पाळीची कटकट सुटली, हा मोठाच लाभ होय. परंतु आता त्याचे पाणी सर्वस्वी उन्हाच्या, आणि त्या उन्हाचा उपयोग करून घेणाऱ्या नियंत्रकाच्या, हाती आहे.

परिभाषेविषयी दोन शब्द आरंभीच सांगितलेले बरे. पाठ्यपुस्तकांत ज्यास 'विभवांतर' म्हणतात त्यास बोलीत 'विजेचा दाब' म्हणतात. येथे 'दाब' हाच शब्द घेतला आहे, कारण पाण्याचा व्यवहार ज्यास ठाऊक आहे त्याला दाब व प्रवाह ही जोडी समजावून सांगावी लागत नाही. दाब आणि प्रवाह ह्यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. वॅट हे तिचे माप. 'ट्रॅकिंग' ह्यास 'अनुसरण', 'अनुवर्तन' असे संस्कृत प्रतिशब्द सुचविता येतील, परंतु मराठीतील 'मागोवा' हा शब्द अधिक नेमका ठरतो. त्याच्या मुळाशी 'माग' आहे, म्हणजे संस्कृत 'मार्ग' व प्राकृत 'मग्ग' ह्यांचा वंशज. 'मागे' हे क्रियाविशेषणही त्याच कुळातले. मागोवा घेणारा हा व्याख्येनेच मागे असतो. ज्याचा माग काढावयाचा तो पुढे निघून गेलेला आहे, ही जाणीव त्या शब्दात आहे, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे ह्या तंत्राची मुख्य अडचणही तीच आहे. 'ट्रॅकर' ह्या इंग्रजी शब्दाने मात्र एक घोटाळा होतो. सूर्याच्या दिशेने पट्टिकांची चौकट फिरविणाऱ्या यांत्रिक साधनासही तेच नाव आहे. त्या साधनाशी येथे कर्तव्य नाही. चौकट जागच्या जागी स्थिर असली तरी कमाल शक्तिबिंदू हलतच असतो.

हा बिंदू म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. ५ अश्वशक्तीच्या पंपासाठी प्रत्येकी ३२० वॅटच्या १५ पट्टिका एकापाठोपाठ एक, म्हणजे एकसरीत, जोडल्या आहेत असे समजावे. शेतकरी त्यांना 'प्लेटा' म्हणतो. अशा एका पट्टिकेत सिलिकनच्या ७२ घटिका असतात. प्रयोगशाळेतील प्रमाण स्थितीत, म्हणजे चौरस मीटरला १,००० वॅट ऊन व घटिकांचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना, काहीही न जोडता एका पट्टिकेच्या दोन टोकांमधील दाब मोजला तर तो सुमारे ४५.५ व्होल्ट भरतो; पंधरांचा मिळून सुमारे ६८० व्होल्ट. ह्या स्थितीत प्रवाह शून्य, म्हणून शक्तीही शून्य. उलट दोन टोके एकमेकांस थेट जोडली तर प्रवाह सर्वांत अधिक, सुमारे ९ अँपिअर वाहतो, पण दाब शून्य होतो. शक्ती पुन्हा शून्यच. ह्या दोन शून्यांच्या मध्ये कोठेतरी शक्तीचे शिखर असले पाहिजे. आपल्या उदाहरणात ते ५६१ व्होल्ट व ८.५६ अँपिअरवर आहे, आणि तेथे ४,८०० वॅट मिळतात. शिखराच्या डाव्या बाजूस, म्हणजे कमी दाबाकडे, चढण संथ आहे. उजव्या बाजूस मात्र शक्ती कड्यासारखी कोसळते. शिखराचे हे दोन उतार सारखे नाहीत, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

ऊन कमी झाले की प्रवाह जवळजवळ त्याच प्रमाणात उतरतो. दाब मात्र थोडासाच, लघुगणकाच्या हिशेबाने, ढळतो. तापमानाचे उलट आहे. घटिका तापल्या की प्रवाहात नाममात्र वाढ होते, पण दाब लक्षणीय घटतो. सिलिकनच्या पट्टिकांत दर अंशामागे शक्तीची घट सुमारे ०.३ ते ०.४ टक्के असते. नायगावचा अक्षांश १९ अंशांच्या किंचित खाली आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास तेथे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत हवेचे तापमान ४२ अंशांच्या आसपास गेले आणि वारा पडलेला असला, तर उन्हातील घटिकांचे तापमान ७० अंशांच्या घरात जाते. वरच्या मानाने हिशेब केल्यास ४,८०० वॅटच्या ह्या संचाकडून भर दुपारी ३,९०० च्या आसपासच वॅट मिळणार, आणि शिखराची जागा ५६१ वरून सुमारे ४६० व्होल्टवर सरकणार. डिसेंबरच्या थंड सकाळी ती पुन्हा ५५० च्या जवळपास गेलेली असते. त्या महिन्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो, तरी त्या उन्हाचा एकेक वॅट मे महिन्यातल्यापेक्षा अधिक कामास येतो. भर उन्हाळ्यात सौरपंप सर्वांत जोराने चालेल, ही सामान्य समजूत म्हणूनच अर्धवट खरी आहे. शिवाय तेव्हा विहिरीचे पाणी खोल गेलेले असते, हा भाग वेगळा.

आता नियंत्रकाने मागोवा न घेता ५६१ व्होल्ट हा कारखान्यातील आकडा धरून ठेवला असता तर काय झाले असते? मे महिन्याच्या दुपारी काही न जोडलेल्या स्थितीतील दाबच ५९० व्होल्टपर्यंत उतरलेला असतो. त्यामुळे ५६१ हा बिंदू शिखराच्या उजवीकडच्या कड्यावर पडतो, आणि तेथे मिळणारी शक्ती उपलब्ध शक्तीच्या निम्म्याच्या खाली जाते. उलट ४६० व्होल्ट हा उन्हाळी आकडा वर्षभर धरून ठेवला, तर थंडीच्या सकाळी सुमारे आठवा हिस्सा वाया जातो. तो संथ उतारावर पडतो म्हणून नुकसान थोडके. दोन्ही चुका सारख्याच अंतराच्या आहेत, पण त्यांची किंमत भिन्न आहे.

ही अडचण प्रथम भासली ती शेतीत नव्हे, अंतराळात. बेकरेल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये प्रकाशापासून वीज उत्पन्न होत असल्याचे दाखविले होते. परंतु व्यवहारोपयोगी सिलिकन घटिका १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअर्सन ह्यांनी तयार केली. सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेच्या ह्या घटिका चारच वर्षांनी, १९५८ मध्ये, व्हॅनगार्ड-१ ह्या उपग्रहावर बसून आकाशात गेल्या. पृथ्वीच्या छायेतून बाहेर पडणाऱ्या उपग्रहाच्या पट्टिका कमालीच्या थंड असतात, मग त्या भराभर तापतात. त्यांचे शिखर प्रत्येक प्रदक्षिणेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. आपोआप जुळवून घेणाऱ्या विद्युत्-परिवर्तकांचा अभ्यास १९६० च्या दशकात झाला तो ह्या गरजेपोटी. आज तेच तंत्र नायगावच्या बांधावरील पत्र्याच्या पेटीत आहे. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार अनुदानित पंपाच्या नियंत्रकात ते असलेच पाहिजे.

शिखर शोधण्याची सर्वांत प्रचलित पद्धत अगदी साधी आहे. दाट अंधारात टेकडीचा माथा गाठू पाहणारा मनुष्य एक पाऊल टाकतो. चढ लागला तर त्याच दिशेने आणखी एक, उतार लागला तर उलट दिशेने. नियंत्रक तसेच करतो. दाब थोडासा बदलावयाचा, शक्ती मोजावयाची. वाढली असेल तर तीच दिशा, घटली असेल तर विरुद्ध. हिला 'ढळवा व पाहा' पद्धत म्हणता येईल. माथ्यावर पोहोचल्यावरही ती थांबत नाही. माथा आला हे तिला कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे पलीकडे उतरून पाहणे. म्हणून ती माथ्याभोवती घुटमळत राहते आणि थोडी शक्ती त्या घुटमळण्यात जाते. पाऊल लहान ठेवले तर घुटमळणे कमी होते, पण ऊन बदलल्यावर नव्या माथ्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. पाऊल मोठे ठेवले तर उलट. हा पेच कोणत्याही आकड्याने पूर्णपणे सुटत नाही, म्हणून चांगले नियंत्रक दूर असताना लांब व जवळ आल्यावर आखूड पाऊल टाकतात.

खरी अडचण पुढेच आहे. अंधारातील तो मनुष्य चालत असताना सगळी टेकडीच वर उचलली जाऊ लागली, तर त्याच्या पायाखालचा चढ टेकडीचा की उचलण्याचा, हे त्याला कसे कळावे? ढग सूर्यावरून सरकू लागतो तेव्हा नेमके हेच घडते. चौरस मीटरला ३०० वॅटवर आलेले ऊन दहा सेकंदांत ९०० वर गेले असे धरू. तुटक्या ढगांच्या दिवशी ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. आपल्या संचाची उपलब्ध शक्ती ह्या काळात दर सेकंदास सुमारे २५० वॅटने वाढेल. नियंत्रक अर्ध्या सेकंदास एक पाऊल टाकीत असेल तर दोन पावलांच्या दरम्यान १२५ वॅटची भर उन्हामुळेच पडते. त्याने चुकीच्या दिशेने पाऊल टाकले असेल, तर त्यामुळे होणारी घट असेल पाच-सहा वॅट. एकूण मोजमापात वाढच दिसते. नियंत्रकास वाटते, दिशा बरोबर आहे. तो त्याच दिशेने पुढचे पाऊल टाकतो, आणि ढग पुरता सरेपर्यंत शिखरापासून दूर जात राहतो. ती दिशा उजवीकडची, कड्याची असेल तर ऊन पूर्ण उघडल्यावरही काही काळ पंपास त्याचा वाटा मिळत नाही.

ढग येताना मात्र असे होत नाही. ऊन उतरत असता प्रत्येक पाऊल चुकीचे भासते. नियंत्रक दर वेळी दिशा बदलतो आणि एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे करीत जवळजवळ होता तेथेच राहतो. दाबाचे शिखर उन्हामुळे फारसे हलत नसल्याने हे अज्ञान त्याच्या पथ्यावरच पडते. सारांश, मागोवा घेणारा फसतो तो प्रकाश जाताना नव्हे, येताना. शेतकऱ्याच्या अनुभवास ही गोष्ट विपरीत वाटेल, कारण ढग आल्याने पाणी गेले हे त्याला दिसते. ढग गेल्यावर पाणी यावयास लागलेला विलंब तो ढगाच्याच खात्यावर टाकतो.

ह्यावर उपाय सुचविले गेले आहेत. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत शक्ती वाढली की घटली एवढेच न पाहता, दाबातील सूक्ष्म बदलाबरोबर प्रवाह किती बदलला ह्याचे गुणोत्तर काढतात. शिखरावर हे गुणोत्तर प्रवाह व दाब ह्यांच्या गुणोत्तराइतकेच, पण विरुद्ध चिन्हाचे असते; त्याहून जास्त असेल तर शिखर उजवीकडे, कमी असेल तर डावीकडे. तत्त्वतः ह्या पद्धतीला शिखर आल्याचे कळते, घुटमळावे लागत नाही. परंतु भराभर बदलणाऱ्या उन्हात प्रवाहातील बदल हाही उन्हामुळेच झालेला असू शकतो, म्हणून ही पद्धत दोषमुक्त आहे असा जो बोलबाला आहे तो पुरता पटण्यासारखा नाही. अधिक सरळ उपाय म्हणजे प्रत्येक पावलाच्या आधी एकदा स्वस्थ राहून, दाब न हलविता, शक्ती मोजावयाची. त्या निश्चल अवधीत जो फरक पडला तो उन्हाचा. पुढील फरकातून तो वजा केला की उरला तो पावलाचा. गणित शाळकरी आहे, पण टेकडीचे उचलणे व चढणे ही दोन त्यातून वेगळी होतात. आणखी एक पद्धत सर्वांत स्वस्त आहे. शिखराचा दाब हा काही न जोडलेल्या स्थितीतील दाबाच्या सुमारे ७१ ते ७८ टक्के असतो, ह्या अनुभवावर ती चालते. मात्र तो दाब मोजण्यासाठी क्षणभर भार तोडावा लागतो. दिव्याची बॅटरी भरावयाची असेल तर ह्याने बिघडत नाही. पाण्याचा स्तंभ उचलून धरलेल्या पंपास वारंवार असे करणे परवडणारे नाही.

पंप हा सौरपट्टिकेचा फार अडचणीचा ग्राहक होय. बॅटरी येईल तेवढी शक्ती मुकाट घेते. विद्युत्-जालास जोडलेला मोठा प्रकल्प, उदाहरणार्थ धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात महानिर्मितीने २०१३ मध्ये उभारलेला १२५ मेगावॅटचा प्रकल्प, पाच टक्के शक्ती गमावील तर पाच टक्केच वीज कमी देईल, अधिक काही नाही. पंपाचे तसे नाही. त्याच्या नियंत्रकास मागोवा घ्यावयाचा तो मोटारीची वारंवारता, म्हणजे तिची गती, कमी-अधिक करून. गती वाढविली की मोटार अधिक प्रवाह ओढते व पट्टिकांचा दाब उतरतो. शिखराच्या उजवीकडे असताना हे ठीक चालते. परंतु एकदा का शिखर ओलांडून डावीकडे गेले, की दाब उतरल्याने शक्ती आणखी घटते, मोटारीची मागणी मात्र तीच राहते, ती भागविण्यासाठी दाब आणखी उतरतो, आणि क्षणार्धात सगळेच कोसळते. नियंत्रक 'दाब कमी' अशी सूचना दाखवून बंद पडतो. अचानक आलेल्या ढगात वारंवारता पुरेशा त्वरेने खाली आणली नाही तर हाच प्रसंग ओढवतो. बंद पडलेला पंप पुन्हा सुरू करण्यापूर्वी मोटारीच्या रक्षणार्थ काही मिनिटे थांबण्याची व्यवस्था नियंत्रकात केलेली असते. ढग अर्ध्या मिनिटाचा, थांबणे काही मिनिटांचे. तासाभरात असे दहा ढग आले तर त्या तासात पाणी किती मिळाले असेल, हे सांगावयास नको. बारा महिने शिखराच्या थोडे उजवीकडे राहून दोन-तीन टक्क्यांवर पाणी सोडणारा सावध नियंत्रक अशा दिवशी हुशार नियंत्रकापेक्षा अधिक पाणी देतो.

दुसरी अडचण पंपाच्याच स्वभावात आहे. अपकेंद्री पंपाचा प्रवाह गतीच्या प्रमाणात, उचलण्याची उंची गतीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ह्याचा उलट अर्थ असा की शक्ती २० टक्क्यांवर आली तरी गती ५८ टक्के राहते. हे ऐकावयास बरे वाटते. पण त्या गतीस पंप पूर्वीच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतच पाणी लोटू शकतो. विहिरीतील पाण्याची खोली व वरचा चढ मिळून जी उंची होते ती पंपाच्या कमाल उंचीच्या निम्मी असेल, तर किमान ७१ टक्के गती, म्हणजे स्थूलमानाने ३६ टक्के शक्ती, मिळाल्याखेरीज पाण्याचा एक थेंबही वर येणार नाही. पाणी खोल जाऊन ती उंची ७० टक्क्यांवर गेली तर हा उंबरठा ५९ टक्क्यांवर चढतो. उंबरठ्याखाली मोटार फिरत असते, नियंत्रकावर आकडे उमटत असतात, आणि नळीच्या तोंडाशी काही नसते.

मागोव्याच्या अचूकतेचे मोल ह्या उंबरठ्यापाशी कळते. स्वच्छ दुपारी सात टक्क्यांची चूक म्हणजे थोडे कमी पाणी. परंतु ढगाळ उन्हात पट्टिका ३८ टक्के शक्ती देऊ शकत असतील आणि नियंत्रक त्यांतील ९३ टक्केच मिळवीत असेल, तर पंपास ३५ टक्के मिळतात, आणि ३६ च्या उंबरठ्यावर पाणी अडते. सात टक्क्यांच्या चुकीने येथे सगळेच पाणी गेले. वर्षभराच्या एकूण विजेत मागोव्याच्या चुकांमुळे येणारी तूट चांगल्या नियंत्रकात अल्पच असते, हे खरे आहे. पण वर्षभराची सरासरी हा शेतीच्या पाण्याचा हिशेब नव्हे.

सोयाबीनला बाहेरून पाणी केव्हा लागते? पावसाने ओढ दिली तर फुलोऱ्यात व शेंगा भरताना, म्हणजे ऑगस्ट व सप्टेंबरच्या सुरुवातीस. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला तो २०२३ चा, आणि त्या महिन्यात मराठवाड्यातील खरीप पिके माना टाकू लागली होती. पावसाचा असा खंड आणि निरभ्र आकाश ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. मराठीत 'उघडीप' म्हणतात ती पावसाची, ढगांची नव्हे. जुलैच्या अखेरीस सूर्य पुन्हा एकदा नायगावच्या माथ्यावर येतो आणि ऑगस्टभर तो उंचच असतो, पण त्याच्याखालून न बरसणारे तुटके ढग दिवसभर धावत असतात. कडेला उजळलेल्या ढगावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची भर पडून ऊन क्षणभर प्रमाण १,००० वॅटच्याही वर जाते आणि पुढच्याच क्षणी २०० वर येते. मागोव्याच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत कठीण ऊन ते हेच, आणि पिकास संरक्षित पाण्याची सर्वांत निकड असते तीही ह्याच दिवसांत. त्या मानाने हरभऱ्याच्या हंगामातील स्थिर, थंड ऊन कोणत्याही नियंत्रकास पेलते. पावसाळ्यात विहिरीचे पाणी वर असते, त्यामुळे उंबरठा खाली येतो, एवढीच काय ती अनुकूलता. ओढीच्या वर्षी तीही पुरती मिळत नाही.

सावलीचा प्रश्न ढगाहून निराळा आहे आणि तो पुष्कळदा ढगाच्या नावावर खपतो. ढग सर्व पट्टिकांस सारखाच झाकतो. बांधावरील बाभळीची सायंकाळची सावली काहींनाच झाकते. एकसरीत जोडलेल्या पट्टिकांतून एकच प्रवाह वाहावा लागतो, म्हणून झाकलेल्या पट्टिकेने सर्वांना अडवू नये यासाठी प्रत्येक पट्टिकेत वळणवाटेचे डायोड, बहुधा तीन, बसविलेले असतात. त्यामुळे शक्तीच्या आलेखास एकाऐवजी दोन शिखरे येतात. आपल्या पंधरांपैकी पाच पट्टिका सावलीत जाऊन त्यांच्यावर पंचमांश ऊन उरले, तर एक शिखर दहा उघड्या पट्टिकांचे, सुमारे ३७० व्होल्टवर व ३,२०० वॅटचे. दुसरे सर्व पंधरांचे, पूर्वीच्याच जागी पण जेमतेम १,००० वॅटचे. उजवीकडून चाचपत येणारा नियंत्रक ह्या ठेंगण्या शिखरावर चढतो, दोन्ही बाजूंस उतार आहे अशी खात्री करून घेतो आणि तेथेच ठाण मांडतो. अधूनमधून सर्व दाबांवरून एक फेरी मारून यावयाची, हा ह्यावरील उपाय काही नियंत्रकांत असतो. पण त्या फेरीत पंपाची गती कोसळते, म्हणून पंपाच्या नियंत्रकांत तो जपूनच वापरावा लागतो. बाभळीची फांदी तोडणे हा उपाय ह्या ठिकाणी कोणत्याही गणितापेक्षा सरस आहे. पट्टिकांवरील सारखी धूळ नुसती शक्ती घटविते. पक्ष्यांची विष्ठा मात्र सावलीचेच काम करते.

नियंत्रकावर '९९ टक्के कार्यक्षम मागोवा' असे छापलेले आढळते. हा आकडा बहुधा स्थिर उन्हातील असतो, आणि स्थिर उन्हात तो खोटाही नसतो. बदलत्या उन्हातील परीक्षेसाठी २०१० च्या ईएन ५०५३० ह्या युरोपीय प्रमाणकात चढत्या-उतरत्या उन्हाचे ठरावीक क्रम दिलेले आहेत: चौरस मीटरला १०० ते ५०० वॅट आणि ३०० ते १,००० वॅट ह्या दोन पट्ट्यांत, दर सेकंदास ०.५ पासून १०० वॅटपर्यंतच्या वेगाने. परंतु ही कसोटी जालास जोडलेल्या परिवर्तकांसाठी रचलेली आहे. तिच्यात पाण्याचा उंबरठा नाही, दाब कोसळून बंद पडणे नाही, थांबण्याची मिनिटे नाहीत. आणि तिचे चढ-उतार सरळ रेषेत आखलेले असल्याने मोसमी ढगांचा तुटकपणाही तिच्यात उतरत नाही. पंपाच्या नियंत्रकाची परीक्षा घ्यावयाची तर ऊन ऑगस्टमधील नायगावचे हवे आणि माप वॅटचे नव्हे, लिटरचे हवे. सेकंदागणिक नोंदलेला एका ढगाळ दिवसाचा किरणपात, ज्ञात खोलीची एक विहीर, आणि त्याच पट्टिकांवर आळीपाळीने चालविलेले दोन-तीन नियंत्रक एवढ्या सामग्रीवर हे काम होण्यासारखे आहे. त्यात प्रत्येक वेळी पंप किती वेळा बंद पडला आणि ढग सरल्यापासून नळीच्या तोंडाशी पाणी येईपर्यंत किती सेकंद गेले, ह्या दोन नोंदी अवश्य ठेवाव्या लागतील.